देवचाराला आवाज कसला द्यायचा? निवांत अद्भुतकथा आणि ऑडिओबुक

कुळागरवाली

वाद घालायचा म्हणूनच लिहितेय, तेव्हा उगाच गोड बोलू नका.

गेले दोन महिने मी एका मैत्रिणीच्या अजून छापून न आलेल्या कादंबरीचं ऑडिओबुक करतेय. इंग्रजीत ज्याला कोझी फॅन्टसी म्हणतात, त्या जातीची. जादू आहे, भुतंखेतं आहेत, पण कुणाचं राज्य वाचवायचं नाही की कुणाला मारायचं नाही. गोष्ट एवढीच: खाजनाच्या बांधावरचा देवचार पिढ्यानपिढ्या लोकांनी ठेवलेला रोट खाऊन कंटाळलाय. एका पहाटे तो पोदेराच्या भट्टीपाशी जातो आणि म्हणतो, मला पाव करायला शिकव. पुढची तीनशे पानं तो पीठ मळायला शिकतो. झालं. (गोव्याबाहेरच्यांसाठी: देवचार म्हणजे गावाच्या सीमेचा राखणदार. हातात दांडा, खांद्यावर कांबळं, पायात वहाणा. रात्री वाट चुकलेल्याला घरापर्यंत सोडतो म्हणतात. रोट म्हणजे त्याच्यासाठी ठेवायची जाड भाकरी, खाजन म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतजमीन, पोदेर म्हणजे पाववाला.)

पहिली तीन प्रकरणं मी झोकात केली. देवचाराला दशावतारातल्या राक्षसासारखा खर्ज, पोदेराला लाडीक सासष्टीकर सूर, पोदेराच्या बायकोला बारीक आवाज. मग मावशीला ऐकवलं. मोतीबिंदूमुळे तिचं वाचन सुटलंय. सुपारी सोलत दहा मिनिटं ऐकलं आणि म्हणाली, "तो बोबो कित्याक मारता? आमचो देवचार अशें उलयना." (तो बोंबा कशाला मारतो? आमचा देवचार असं बोलत नाही.)

तिन्ही प्रकरणं पुसली. आता माझं मत असं की असली गोष्ट वाचायची असते, वठवायची नसते. एक साधा आवाज, संगीत नाही, दारं करकरणं नाही. आणि मी कपाटाच्या खोलीत साड्या टांगून रेकॉर्ड करते तेव्हा कौलांवर पाऊस वाजतोच, तो काढणार नाही. पाऊस त्या गोष्टीतलाच आहे.

पेडण्याचा पेटीवाला

पावसाचं नंतर. आधी ते "दशावतारातला राक्षस" मागे घ्या.

गावच्या दहीकाल्याला, म्हणजे जत्रेतल्या दशावताराला, बारा-तेरा वर्षं पेटीवर बसतोय. घोगरं ओरडणं म्हणजे दशावतार, हे कुणी सांगितलं तुम्हाला? त्यातला संकासुर राक्षस बघितलाय का कधी नीट? काळे कपडे, लाल जीभ लोंबतेय, पोरं आईच्या मागे लपतात. आणि तोंड उघडलं की मालवणीत अशी खेचतो की तीच पोरं हसून लोळतात. भीती सगळी कपड्यात, आवाजात गंमत. तुमच्या देवचाराला नेमकं हेच हवं होतं. तुम्ही उलटं केलंत.

दुसरं. आमच्यात संवाद लिहून देत नाहीत. आख्यान ठरतं, प्रवेश ठरतात, बाकी नट रंगमंचावर बोलतो. म्हणून पात्र आवाजात नसतं, कुठे थांबतो आणि कुणाला बोलू देतो त्यात असतं. तुम्ही वाईट सोंग काढलंत म्हणून सोंगच नको म्हणता. मासळी खारट झाली म्हणून कुणी दर्या आटवत नाही.

झुआरीपार

मडगाव–पणजी रोज दुचाकीवर. हेल्मेटात एकच इअरफोन, दुसरा कान हॉर्नसाठी. (पोलिसांनी वाचू नये.) पेटीवाल्यांच्या बाजूने माझं मत.

बाईंना एकच विचारतो. पुस्तकात अवतरणचिन्हं दिसतात, कानाला ती दिसत नाहीत. सरळ एका आवाजात वाचलंत तर मला कसं कळणार कोण बोलतंय? मराठीत आपण दर वाक्याला "तो म्हणाला" लिहीतही नाही. कुठ्ठाळीला ट्रकच्या मागे अडकलेलो असताना पंधरा सेकंद मागे जायला ग्लोव्हज काढायचे? दोनदा काढतो, तिसऱ्यांदा पुस्तक बंद.

आणि "निवांत" म्हणजे "झोप येईल इतकं हळू" असं काही ऑडिओबुकवाल्यांना वाटतं. मी सव्वापट वेगानेच ऐकतो.

कुळागरवाली

@झुआरीपार, सव्वापट वेगाने पीठ फुगत नाही.

पण मुद्दा खरा आहे, अंगाला लागला. हा चौथ्या प्रकरणातला तुकडा. मैत्रिणीने मुद्दाम कोण बोललं ते लिहिलेलं नाही:

"पीठ झोपलंय?"
"झोपलंय."
"उठवू?"
"नको. त्याचं त्याला उठू दे."
"कधी उठेल?"
"तू गेलास की."

डोळ्यांनी वाचताना मजा येते. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये हे एका बाईचं स्वतःशी बडबडणं वाटतंय. काल रात्री अकरा वेळा केलं.

तरीही देवचाराला वेगळा गळा देणार नाही. मावशीचं "अशें उलयना" डोक्यातून जात नाही.

पट्टीकाप्या

साउंड एडिटिंग करून पोट भरतो, त्यामुळे मला साहित्य कळत नाही असं धरून चाला.

पाऊस ठेवू नका. तो वाईट वाजतो म्हणून नाही. वाक्य चुकलं की तुम्ही थांबता, पुन्हा म्हणता, मी मधलं कापतो. आवाज जुळतो, पाऊस जुळत नाही. "पीठ" म्हणताना रिमझिम, "झोपलंय" म्हणताना धो-धो, "उठवू" म्हणताना उघडीप. एका वाक्यात अख्खा आषाढ. ऐकणाऱ्याला काय बिघडलं ते सांगता येत नाही, पण त्याला वाटतं, इथे काहीतरी खोटं आहे. निवांतपणा तिथेच गेला.

बरेच प्रकाशक आवाजाखालची खरखर उणे 60 डेसिबलच्या खाली मागतात. जूनमध्ये कौलारू घरात ते होणार नाही. बेडूक एकटा पुरे. आणि कुठल्याही खोलीत बसा, काही न बोलता त्या खोलीचा अर्धा-एक मिनिट आवाज आधी घेऊन ठेवा. कापलेल्या जागी तोच भरायचा असतो. कोरी शांतता भरली तर कान दचकतो, लाइट गेल्यासारखा.

पाऊस हवाच असेल तर वेगळा रेकॉर्ड करा, सलग वीस मिनिटं, आणि मागाहून अगदी हलका खाली सोडा. प्रकरणाच्या सुरुवातीला. शेवटी. सगळीकडे नको.

कुळागरवाली

म्हणजे खरा पाऊस खोटा वाटतो आणि मागून घातलेला खरा. बरं.

पट्टीकाप्या

हो. धंदाच तो आहे.

म्हापशाचा, सध्या वाशी

एवढा आटापिटा कशाला? आता यंत्राचे मराठी आवाज बऱ्यापैकी आलेत. हस्तलिखित टाका, रात्रीत पुस्तक तयार. बाईंना एकच सपाट आवाज हवाय ना? यंत्राहून सपाट कोण? पैसे वाचतील, दोन महिने वाचतील.

अनुस्वार

सपाट आणि साधा यात फरक आहे हो.

शाळेत मराठी शिकवते, म्हणून उच्चाराचं सांगते. "माझा" मधला झ आणि "माझी" मधला झ एक नाहीत, लिहितो मात्र एकच. "चार पाव दे" मधला चार वेगळा, "गुरांना चार" मधला वेगळा. लिपीत खूण नाही, वाचणाऱ्याच्या जिभेला माहीत असतं. यंत्राने नव्याण्णव वेळा बरोबर म्हटलं आणि शंभराव्यांदा देवचार "माझी भट्टी" चुकीच्या झ ने म्हणाला, की संपलं. थरारकथेत खपून जातं, ऐकणारा खुनी शोधण्यात गुंतलेला असतो. इथे पळायला कथानकच नाही. ऐकणाऱ्याच्या हातात फक्त वाक्य आहे.

पण कुळागरवाली, तुझ्याशीही भांडण आहे. "साधा आवाज" म्हणजे कुठला गो? तुझा साधा आवाज पुण्याच्या माणसाला साधा वाटणार नाही. आपण वाक्याच्या शेवटी जरा नाकात जातो, हेल काढतो. मी एकदा एका स्पर्धेत कथावाचन केलं होतं, परीक्षकांनी शेरा दिला, "कोकणीची छाप, सुधारणा आवश्यक." प्रमाण उच्चारात वाचलंस तर तुझा पोदेर सदाशिव पेठेत जन्मल्यासारखा वाटेल. आपल्या हेलात वाचलंस तर तिकडचे म्हणतील नाटकी करते. एक आवाज, एक आवाज म्हणतेस, तो आहे कुणाचा ते ठरव.

झुआरीपार

आणि मुळात हा देवचार मराठी का बोलतो? बांधावरचा देवचार कोंकणीच बोलणार.

म्हापशाचा, सध्या वाशी

झालं, 1987 आलं. गोव्याच्या त्या वर्षीच्या राजभाषा कायद्यावर गेलात तर मी निघालो.

पेडण्याचा पेटीवाला

बसा हो. कायद्यात कोंकणी राजभाषा आहे, मराठीचा वापरही आहे, आणि देवचाराने दोन्हींसाठी अर्ज केलेला नाही. आमच्याकडे काल्यात राजा मराठीत हुकूम देतो, त्याचा नोकर मालवणीत उलट उत्तर देतो, समोरची म्हातारी कोंकणीत शिव्या घालते. कुणाचं काही अडत नाही.

कुळागरवाली

कादंबरीत निवेदन मराठी आहे, पोदेर आणि देवचार मधूनमधून कोंकणीवर घसरतात. दोघं एकटे असले की जास्त. ते मला फार आवडलंय, कारण मी घरी तशीच बोलते.

@अनुस्वार, तुझा मुद्दा मात्र टोचला. खरं सांगते, मी आतापर्यंत वाचत होते तो आवाज माझा नव्हताच. लहानपणी रेडिओवर ऐकलेल्या बाईंचा होता.

अनुस्वार

आम्हा सगळ्यांच्या डोक्यात ती बाई बसलीय.

पट्टीकाप्या

माहिती म्हणून. ट्रॅव्हिस बाल्ड्री नावाचा अमेरिकन माणूस, धंद्याने ऑडिओबुक वाचणारा. दुसऱ्यांच्या लढायांची पुस्तकं वाचत आलेला. 2022 मध्ये त्याने स्वतः 'लेजेंड्स अँड लाटेज' लिहिलं. तलवार खाली ठेवून कॉफीचं दुकान काढणाऱ्या एका राक्षसिणीची गोष्ट. कोझी फॅन्टसी हे नाव एवढं पसरलं त्यात या पुस्तकाचा हात मोठा. ऑडिओबुकही त्याचंच. पात्रांना तो वेगवेगळे आवाज देतो. म्हणजे या प्रकारच्या घरातच आवाजाचा माणूस बसलाय. "वठवायची नसते" हा नियम तुम्ही कुठून आणलात?

कुळागरवाली

मावशीकडून. अमेरिकेच्या आधी तिला ऐकायचंय.

आणि तो पुरुष इंग्रजीत राक्षसीण करतो ते ठीक. मी बाई मराठीत देवचार करायला गेले की गळा आवळल्यासारखं वाजतं. खर्ज माझ्याकडे नाही, उसना आणावा लागतो.

पेडण्याचा पेटीवाला

उसना आणू नका. हेच तर सांगतोय.

आमच्यात बायकांची कामं पुरुषच करतात. नवशिका स्त्रीपार्टी पहिल्या दिवशी काय करतो? चिरकतो. लोक हसतात. जुना स्त्रीपार्टी आपल्याच आवाजात बोलतो, किंचित हलका. बाकी सगळं बोलण्याच्या ढंगात. वाक्य कुठे मोडायचं, कुठला शब्द ओढायचा, उत्तर द्यायला किती वेळ लावायचा. लुगड्यात मिशीची कड दिसत असते, तरी दोन मिनिटांनी समोरच्याला बाईच दिसते.

तुमचा पिठाचा तुकडा घ्या. पोदेराची भट्टी पेटलीय, उजाडायच्या आत सायकलवर टोपली चढवून पों-पों करत वाड्यावाड्यात जायचंय. त्याला घाई. त्याची उत्तरं समोरच्याचा प्रश्न संपता-संपता यायला हवीत. देवचाराला कसली घाई? दोनशे वर्षांत त्याला कुणी प्रश्न विचारलेला नाही. त्याचा प्रत्येक शब्द आधी आत कुठेतरी शोधून मग बाहेर येतो. "पीठ" म्हणा. थांबा. "झोपलंय?" मग पोदेराचं "झोपलंय" लगेच, मान वर न करता. गळा एकच ठेवा, काळ दोन करा.

झुआरीपार

सव्वापट वेगाने हे चालेल?

पट्टीकाप्या

चालेल. वेग वाढवला की थांबे आखडतात, पण दोघांचे एकाच प्रमाणात. देवचार पोदेरापेक्षा हळूच राहील. मात्र मला आता थांबे कापता येणार नाहीत. एरवी लांब श्वास, रिकाम्या जागा मी आवळून टाकतो. इंग्रजीत तासाला साधारण नऊ हजार शब्द बसतात असा अंदाज धरतात. मराठीत कमी, कारण आपला "घरातल्यांनासुद्धा" हा एकच शब्द मोजला जातो. हे असं वाचलंत तर तुमचं पुस्तक आणखी तास-दोन तास लांबेल. पैसे तासावर ठरलेत की एकरकमी?

कुळागरवाली

पैसे? मैत्रीण भाकरी-सुंगटां (कोळंबी हो) देणार आहे.

म्हापशाचा, सध्या वाशी

मी माझं यंत्राचं मत मागे घेत नाहीये. मैत्रिणीची एक कादंबरी कपाटात बसून होईल. ज्या शंभर पुस्तकांना कपाटही मिळणार नाही त्यांचं काय? माझी आजी आता दिसत नाही म्हणून जुने कादंबरीचे गठ्ठे उशाशी घेऊन नुसती बसते. ते कोण वाचणार?

अनुस्वार

याला माझ्याकडे उत्तर नाही. आजीला यंत्र लावून द्या. झ चुकला तर ती दुरुस्त करील, तिला तेवढंच बोलायला कुणी मिळेल.

कुळागरवाली

काल दुपारी उघडीप होती. पंखा बंद, दार बंद, घामाने साड्या ओल्या. तुकडा पेटीवाल्यांनी सांगितला तसा केला, माझ्या स्वतःच्या हेलात, नाकात जायचं तिथे नाकात. तिसऱ्या वेळी जमला. खोलीचा एक मिनिट आवाजही घेतला. त्यात शेजारच्या रेड्याचा एक हुंकार आलाय, तो पट्टीकाप्याने बघून घ्यावा.

मावशीला ऐकवलं. ती काही बोलली नाही. "तू गेलास की" झाल्यावर सुपारी सोलायची थांबली आणि विचारलं, "मागीर तो गेलो?" (मग तो गेला?)

संगीत अजूनही घालणार नाहीये.

पेडण्याचा पेटीवाला

निदान प्रकरणाच्या सुरुवातीला पेटीचा एक सूर? एकच. काळी दोन. मी पाठवतो.

कुळागरवाली

नको म्हटलं ना.

पेडण्याचा पेटीवाला

पाठवलाय. मावशीला ऐकवा.