शेवटचा फ्लॅशबॅक दाखवायला हवा होता का?

ओसरी :
चॅनल फोरची 'नॅशनल ट्रेझर' ही मालिका (२०१६, चार भाग) पुन्हा पाहिली. शेवट सांगतेय, ज्यांना पाहायची आहे त्यांनी इथेच थांबा.

रॉबी कोल्ट्रेनने साकारलेला पॉल फिंचली हा अख्ख्या ब्रिटनचा लाडका विनोदवीर. म्हातारपणी त्याच्यावर खूप जुन्या बलात्काराचा आरोप होतो. नाव बाहेर येताच आणखी बायका पुढे येतात. त्यांच्यात त्याच्याच घरी मूल सांभाळायला येणारी, तेव्हा कोवळ्या वयाची असलेली मुलगीही असते. ज्युरी त्याला निर्दोष सोडते. आणि मग आपल्याला भूतकाळ दिसतो : त्याने ते केलेलं असतं.

माझ्या मते हे दाखवणं भागच होतं. चार भाग आपण त्याच्याच सोबत असतो. ते थकलेलं, अवजड शरीर, हातातली काठी. जीव तुटतो हो त्याच्यासाठी. 'इतकी वर्षं ही गप्प का बसली?' हे माझ्याही मनात येऊन गेलं. शेवटी सत्य दिसलं तेव्हा त्या विचाराची मला लाज वाटली. प्रश्न उघडा ठेवला असता तर मी सहानुभूती घेऊनच उठले असते.

कंदील :
ओसरीताई, अजिबात पटलं नाही. कोर्टात फ्लॅशबॅक नसतो. तिथे असतात दोन माणसांचे शब्द आणि मध्ये वीस-तीस वर्षं. संशयाचा फायदा आरोपीला द्यायचा, हा नियम त्यासाठीच आहे. लेखकाने आपल्याला ज्युरीच्या खुर्चीत बसवलं आणि शेवटी उत्तर हातात ठेवलं. यातून प्रेक्षक काय शिकतो? सुटला म्हणजे पचवलं असणार!

गायक क्लिफ रिचर्डचं आठवा, त्याच्यावरही असाच जुना आरोप. २०१४ मध्ये पोलीस घराची झडती घेत होते आणि बीबीसी हेलिकॉप्टरमधून ते दाखवत होती. त्याला ना अटक झाली, ना त्याच्यावर आरोपपत्र आलं. २०१८ मध्ये कोर्टाने २,१०,००० पौंड भरपाई दिली, पण लोकांच्या मनातलं किटाळ पैशाने जातं का? तक्रारदार बाईचं नाव कायदा आयुष्यभर झाकतो, ते योग्यच आहे. आरोपीचंही आरोपपत्र येईपर्यंत झाकावं. बलात्काराच्या खटल्यात १९७६ ते १९८८ तिथे आरोपीचंही नाव झाकलं जायचंच.

जाईजुई :
आणि बीबीसीचा लाडका निवेदक जिमी सॅव्हिल? २००९ मध्ये सरे पोलिसांनी त्याची चौकशी केली, पुढे काही नाही. २०११ मध्ये तो मानसन्मानासकट गेला. २०१२ मध्ये आयटीव्हीवर माहितीपट लागला आणि बांध फुटला. जानेवारी २०१३ च्या पोलीस अहवालात त्याच्याविरुद्ध लैंगिक अत्याचाराच्या ४५० जणांच्या तक्रारी होत्या!

त्याच महिन्यात सरकारी वकिलांच्या खात्याने करवलेल्या फेरतपासणीचा अहवालही आला. त्यातली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. २००९ च्या चौकशीआधी तक्रार करणाऱ्या चौघींना, आपल्यासारख्या आणखी आहेत, हेच कुणी सांगितलं नव्हतं. प्रत्येकीला वाटलं, आपण एकटीच. एवढ्या मोठ्या माणसापुढे एकटी बाई कोर्टात उभी राहील? नाव बाहेर येणं म्हणजे बदनामी एवढंच दिसतं तुम्हाला. दुसरीला धीर येतो तो त्यातूनच.

कंदील :
जाईजुई, ही गोष्ट मला माहीत नव्हती, भयंकर आहे. पण चूक पोलिसांची ना? चौघींना चौघींबद्दल सांगायला हेलिकॉप्टर कशाला लागतं?

जाईजुई :
ज्या पोलिसांपर्यंत पोचल्याच नाहीत, त्यांना कोण सांगणार? ४५० मधल्या बहुतेक त्याच.

ओसरी :
झडतीच्या थेट प्रक्षेपणाबद्दल कंदील यांचं मला मान्य. फ्लॅशबॅकचं नाही. 'सुटला म्हणजे पचवलं' असं मालिका म्हणत नाही, ती एका माणसाची गोष्ट सांगते. ज्युरीने तिच्यापुढे आलेल्या पुराव्यावर निकाल दिला, तो चुकला असंही म्हणत नाही. निकालानंतरची ती बायको पाहा. ज्युली वॉल्टर्सने ती काय केलीय! खटलाभर नवऱ्याच्या बाजूने बसलेली, निकालही मनासारखा लागलेला. तिच्यापुढे कुठलाही फ्लॅशबॅक नाही. तरी तिला कळतं, आणि ती त्याला सोडते.