निवृत्त वडिलांच्या मेंदूला रोजचे काम कोणते द्यावे?

अमळनेरकर (प्रश्न)

माझे वडील, ज्यांना आम्ही सारे आप्पा म्हणतो, ७१ वर्षांचे असून त्यांनी धान्याच्या आडतीवर पस्तीस वर्षे दिवाणजी म्हणून काम केले. पावकी, निमकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे तोंडपाठ असल्यामुळे क्विंटल-किलोचा हिशेब कागदाला हात न लावता करणारा हा माणूस गेल्या वर्षापासून ओळखीच्यांची नावे विसरतो आणि दुपारभर टीव्हीसमोर डुलक्या घेतो. पुण्याच्या धाकट्या भावाने त्यांच्या मोबाइलवर सुडोकूचे अ‍ॅप टाकून दिले. चार दिवसांनी आप्पांनी ते बंद केले, कारण “यात घेणारा कोण आणि देणारा कोण?” हा त्यांचा प्रश्न होता. त्यांची त्रासातून सुटका व्हावी म्हणून शेतीचा हिशेब, बाजारहाट आणि बँकेची कामे मीच पाहतो. मेंदू तल्लख राहावा यासाठी घरच्या घरी काय करता येईल?

पांझराकाठ

मी धुळ्यात अनेक वर्षे वैद्यकीय व्यवसाय केला, म्हणून आधी तपासणीचे सांगतो. जीवनसत्त्व बी-१२ ची कमतरता, थायरॉइडचा विकार आणि नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा येतो व उपचारांनी तो बराच कमी होऊ शकतो. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा पित्तासाठी रोजची गोळी वर्षानुवर्षे चालू असेल, तर बी-१२ अवश्य तपासावे. तितकेच महत्त्वाचे म्हणजे कान. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०२४ च्या अहवालात स्मृतिभ्रंशाला हातभार लावणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या १४ घटकांमध्ये ऐकू कमी येणे, उच्च रक्तदाब, मधुमेह आणि एकाकीपणा यांचा समावेश आहे. ज्याला नीट ऐकूच येत नाही, त्याच्या लक्षात नाव राहणार कसे? नेहमीची वाट चुकणे किंवा पैशांच्या व्यवहारात गोंधळ होणे सुरू झाले असेल, तर मात्र विलंब न करता मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्यावे.

तापीचा गाळ

अ‍ॅपबद्दल आप्पांचे मत मला शास्त्राला धरून वाटते. अमेरिकेत ६५ वर्षांवरील २,८३२ लोकांवर झालेल्या ‘अ‍ॅक्टिव्ह’ या चाचणीत काहींना स्मरणाचा, काहींना तर्काचा, तर काहींना आकलनाच्या वेगाचा सराव देण्यात आला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्याने ज्या कसबाचा सराव केला, त्याचे प्रामुख्याने तेच कसब सुधारले. सुडोकू सोडवून माणूस मुख्यतः सुडोकूतच तरबेज होतो, असा त्याचा अर्थ मी घेतो. अर्थात आवडत असेल तर खेळण्यात काही वावगे नाही.

परंतु आपल्या प्रश्नातील शेवटून दुसरे वाक्य पुन्हा वाचावे, अशी विनंती आहे. भाव विचारणे, घासाघीस करणे, उधारी लक्षात ठेवणे, गावातल्या चार माणसांशी बोलणे हे सगळे आप्पांच्या मेंदूचे रोजचे काम होते आणि ते प्रेमापोटी आपणच काढून घेतले आहे. हिशेब त्यांना परत द्या. चुकला तर चुकू द्या, पण तो खरा असू द्या. खोटे काम दिवाणजीला लगेच ओळखू येते.

रावेरची सून

वरील मत मला पटते, मात्र घराची परीक्षेची खोली होऊ देऊ नये. आमच्याकडे सासूबाईंना येणारे-जाणारे “काल काय जेवलात?” असे विचारून पारखू लागले, तेव्हा त्यांनी बोलणेच कमी केले. मग श्रावणात कानबाई या आमच्या खानदेशी देवीच्या उत्सवाच्या वेळी अहिराणी गाणी त्यांच्याकडून शिकून घ्यायचे मी ठरवले. त्या अडतील तिथे मी थांबत असे आणि पुढची ओळ त्यांची त्यांनाच शोधू देत असे. जुने आठवून सांगणे त्यांच्याकडे होते, तर नैवेद्याच्या रोटांसाठी लागणाऱ्या गव्हाचे माप नातवासोबत पुन्हा मांडणे हे दोघांचे. आप्पांनाही कोणाला तरी पाढे शिकवण्याचे काम द्यावे. आणि सकाळचे चालणे सोडू नये, मेंदूलाही रक्तपुरवठा लागतोच.

अमळनेरकर

सर्वांचे आभार. कानाच्या डॉक्टरांना दाखवले असता डावा कान मळाने गच्च भरल्याचे आढळले. तो साफ केल्यानंतर टीव्हीचा आवाज निम्म्यावर आला. रक्ताचा अहवाल यायचा आहे.

कापसाची वेचणी चालू असल्यामुळे संध्याकाळचा काटा आणि मजुरीची वही मी आप्पांकडे सोपवली. साडेतेवीस किलो, दर बारा रुपये. मी मोबाइल काढेपर्यंत त्यांनी २८२ मांडून पुढच्या बाईला हाक मारलेली होती, अर्थात चुकीच्या नावाने, आणि त्यावर सगळ्याच हसल्या. त्याच रात्री त्यांनी माझी मागील आठवड्याची वही मागून घेतली आणि दोन ओळींवर खुणा केल्या. एक चूक माझी होती. दुसरीबद्दल आमचा वाद अजून चालू आहे.