लिव्हरसाठी 'टार्गेटेड' सोनोग्राफी बेळगावात होते काय?

निपाणीकर: आमच्या दादांना हेपॅटायटिस बी, त्यात सिरॉसिस. दर सहा महिन्यांनी बेळगावला सोनोग्राफी असते. या खेपेला रिपोर्टात 'गॅसमुळे डावा लोब नीट दिसला नाही' असं आलंय आणि वहिनींचं जेवणावरचं लक्ष उडालंय. भाचा म्हणतो, कॅन्सरला चिकटणारे बुडबुडे शिरेतून सोडतात नि गाठ सोनोग्राफीतच उजळते. कुठं होतं हे? पैशाची सोय करतो.

अनगोळकर: सरळ मुंबई गाठा. इथं वेळ घालवू नका.

मलप्रभाकाठ: मुंबईची घाई नको हो. माझा जन्म सोनोग्राफी विभागात गेला, म्हणून सांगतो. दोन गोष्टी एकात मिसळल्यात.

साधी कॉन्ट्रास्ट सोनोग्राफी आजही होते. लिपिडच्या पातळ कवचात वायू भरलेले बुडबुडे, तांबड्या पेशीपेक्षा लहान. चांगल्या लिव्हरला बहुतेक रक्त पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्याकडून येणाऱ्या शिरेतून येतं, लिव्हर कॅन्सरची गाठ मात्र धमनीवर पोसते. त्यामुळं पहिल्या अर्ध्या मिनिटात ती आधी पेटते नि मिनिटभरानंतर हळूहळू काळवंडते. पण हे दिसलेल्या गाठीची ओळख पटवायला. अख्खं लिव्हर चाळायला नव्हे.

चिकटणारे, म्हणजे 'टार्गेटेड' बुडबुडे वेगळे. व्हीईजीएफआर२ हा रक्तवाहिन्यांच्या आतल्या भिंतीवरचा रिसेप्टर (पकडायची खूण) धरणारा बीआर५५ नावाचा बुडबुडा माणसांवर तपासला गेला, तो प्रोस्टेट, स्तन, अंडाशयासाठी. लिव्हरला अडचण अशी की तो रिसेप्टर तिथल्या चांगल्या रक्तवाहिन्यांवरही असतो. ग्लायपिकन-३ नावाचं प्रथिन लिव्हर कॅन्सरच्या गाठीत चांगलं सापडतं, पण गाठीच्या पेशींवर, रक्तवाहिनीत नव्हे. आणि बुडबुडा रक्तवाहिनीबाहेर पडतच नाही! म्हणून नॅनो आकाराच्या बुडबुड्यांवर संशोधन चाललंय. दवाखान्यात पैसे मोजून मिळेल अशी ही तपासणी अजून नाही. कोणी देतो म्हणाला तर सावध राहा.

निपाणीकर: मग डावा लोब? आणि दादांची किडनीही जरा कमजोर आहे.

मलप्रभाकाठ: बुडबुड्यातला वायू श्वासावाटे जातो, किडनीवर भार नाही. सीटीचं औषध मात्र किडनीतून जातं, तेव्हा क्रिएटिनिनचा रिपोर्ट आधी दाखवा. डाव्या लोबसाठी तपासणी लवकर परत करून घ्या, सहा महिने थांबू नका. सकाळी उपाशीपोटी न्या. आदल्या रात्री हरभऱ्याची उसळ, भाकरी-झुणका बंद, दादा रुसले तरी! एएफपी ही लिव्हर कॅन्सरसाठीची रक्ततपासणी झालीय का ते बघा. परत दिसलंच नाही तर सीटी का एमआरआय, हे लिव्हरच्या डॉक्टरांना विचारा. जुने रिपोर्ट नि सीडी बरोबर न्या, आमच्याकडं येणारे निम्मे लोक त्या घरीच विसरायचे.