पुणे ते दिवेआगर शनिवार-रविवार, माणगावचं ट्रॅफिक कसं टाळायचं?

निवांत_कोथरूड

नमस्कार मंडळी. डिसेंबरात एका शनिवार-रविवारी दिवेआगरला जायचं ठरतंय. मी, बायको, पाच वर्षांचा मुलगा आणि आई. कोथरूडहून निघून ताम्हिणीतून जायचा विचार आहे. अंतर एकशे साठ-पासष्ट किमी, म्हणजे हिशोबाने चार-साडेचार तासात पोचायला हवं, पण ऑफिसातला एक जण परवाच जाऊन आला, सकाळी आठला घर सोडलं तर दुपारचं जेवण हुकलं, खानावळवाल्या काकूंनी तीननंतर सरळ नाही म्हणून सांगितलं. तो म्हणतो घाट मजेत झाला, वाट लागली ती माणगावात. आणि रविवारी येताना आधी माणगाव मग भूगाव, घरी पोचेपर्यंत रात्रीचे अकरा.

आईला गाडी लागते त्यामुळे थांबत थांबतच जावं लागणार, पोराला पहाटे उठवणं हा वेगळाच कार्यक्रम. तर किती वाजता निघू, दुसरा रस्ता घेऊ का, आणि येताना काय करू? सोमवारी सुट्टी मिळणार नाही हे आधीच सांगतो. "घरीच बसा" हे उत्तर बायकोने ऑलरेडी दिलंय, ते सोडून बोला.

घाटवाट_७७

भाऊ, तुझी गाडी पुण्याची असली तरी घड्याळ मुंबईचं लावायचं, एवढं एक कळलं की बाकी सोपं आहे. ताम्हिणीत डिसेंबरात गर्दी नसते म्हटलं तरी चालेल (पावसाळ्यात नाव काढू नकोस, धबधब्याखाली भिजायला लोक अर्ध्या रस्त्यात गाड्या लावून जातात). खरी गोची अशी की आपण विळे, निजामपूर करत माणगावला मुंबई-गोवा हायवेला लागतो, आणि श्रीवर्धन, हरिहरेश्वर, दिवेआगर, गणपतीपुळे, तळकोकण, सगळीकडे जाणारी मुंबई-ठाण्याची पब्लिक नेमकी त्याच गावातून पुढे सरकत असते. ते लोक पहाटे पाच-सहाला घर सोडतात, पेण-वडखळ करत नाश्ता वगैरे उरकून नऊ-साडेनऊला माणगावात. तू आठला निघालास की साडेदहा-अकराला बरोब्बर त्यांच्या शेपटीला जाऊन चिकटणार. म्हणून साडेचार, फार तर पाच. साडेसात-पावणेआठला माणगाव पार व्हायला हवं, नंतर मोर्बा, साई, म्हसळा असा निवांत रस्ता आहे, तिथे पोरालाही जाग येईल आणि आईंनाही थांबता येईल.

दुसरा ऑप्शन उलटा. घरून जेवून बारा-साडेबाराला निघायचं, तीनच्या पुढे माणगाव जरा सैल होतं, सूर्यास्ताला बीचवर. पण मग शनिवार गेलाच म्हणायचा.

माणगावचा_पाहुणचार

मी माणगावचाच आहे, रोज बघतो म्हणून लिहितो. गावात हायवे म्हणजेच बाजारपेठ. एसटी स्टँड हायवेला, भाजीवाले हायवेला, रिक्षा हायवेला, निजामपूरचा रस्ता आणि मोर्बा-म्हसळ्याचा रस्ता दोन्ही त्यावरच येऊन मिळतात. म्हणजे तुम्हा पुणेकरांना हायवे लागतो तो जेमतेम गावापुरता, पण त्यातच अडकता. पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण २०११ ला सुरू झालं, तेव्हा शाळेत जाणारी पोरं आता आमच्याकडे गाड्या चालवतायत, बायपास नीट चालू होईपर्यंत हे असंच असणार.

आता जॅम कसा होतो ते सांगतो कारण त्यात तुमचाही हात असतो. लाईन लागलेली असते, कंटाळवाणी पण सरकत असते. मग मागून एक एसयूव्ही उजवीकडून निघते, तिच्यामागे चार जण, झाली दुसरी लाईन. समोरून एसटी येते, तिला जागा नाही. ह्या पाच जणांना परत आत घ्यायला कुणी तयार नाही, एसटीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून तंबाखू मळायला लागतो आणि बरोबर करतो. शेवटी हवालदार नाहीतर नाक्यावरची पोरं येऊन एकेक गाडी मागे घ्यायला लावतात. अर्धा-पाऊण तास तिथेच. तेव्हा लाईन सोडू नका एवढी हात जोडून विनंती, दहा मिनिटं जातील पण जाल.

आणि कालनिर्णय बघून या. दिवेआगरला सुवर्णगणेश आहे, १९९७ ला सापडलेला तो सोन्याचा मुखवटा, २०१२ ला चोरीला गेला होता, २०२१ पासून परत मुखवटा बसवलाय. शनिवार-रविवारी संकष्टी आली तर गर्दी डबल धरा. २५ डिसेंबरच्या आठवड्यात तर येऊच नका, आम्हीच घराबाहेर पडत नाही.

पिंचिं_एक्सप्रेस

आईंना गाडी लागते म्हणताय तर ताम्हिणीचा हट्ट कशाला? आम्ही रावेतवरून एक्सप्रेसवेने खोपोली एक्झिट, तिथून पाली, वाकण फाटा, मग हायवेने कोलाड, इंदापूर, माणगाव असे जातो. तीसेक किमी जास्त पडतात, टोल वेगळा, पण वळणं मोठी आहेत, पोटातलं पाणी हलत नाही. शनिवारी सकाळी बोरघाटात जे काही तुंबतं ते मुंबईहून वर चढणाऱ्या बाजूला, आपण खाली उतरत असतो त्यामुळे आपली बाजू त्यामानाने रिकामी. समोरची रांग बघत उतरायला एक आसुरी आनंद असतो तो वेगळा.

घाटवाट_७७

@पिंचिं_एक्सप्रेस रस्ता चांगलाय पण ह्यात एक घोळ आहे, वाकणला तुम्ही मुंबईच्या लोंढ्यात माणगावच्या बऱ्याच आधी घुसताय. म्हणजे ताम्हिणीवाल्याला एक गाव सोसायचंय, तुम्हाला कोलाड, इंदापूर आणि माणगाव. वाकणला सात-सव्वासातच्या आत असाल तरच. शिवाय पालीला अष्टविनायकाच्या बसेस असतात. वाकड-रावेतवाल्यांना परवडेल, कोथरूडवाल्याने आधी बेंगळुरू हायवेने तिकडे जायचं आणि मग खाली उतरायचं म्हणजे द्राविडी प्राणायाम.

आईंसाठी साधं करा, त्यांना पुढे बसवा, पौडपर्यंत काही होत नाही, पुढे मुळशी धरणाच्या कडेने वळणं चालू होतात तिथून चाळीस-पंचेचाळीसच्या वर जाऊ नका. आल्याची वडी ठेवा. पेट्रोल पिरंगुट-पौडलाच भरा.

सदाशिव_पेठी

कोकणच का पण? सगळं पुणं पश्चिमेला धावतंय, तुम्ही पूर्वेला जा की. निघोजला कुकडीतले रांजणखळगे बघा, थंडीत भिगवणला फ्लेमिंगो बघा, येताना मासळीचं जेवण. दुपारी झोपायला घरी. समुद्र कुठे पळून जात नाही.

निवांत_कोथरूड

@सदाशिव_पेठी काका, पोराला वाळूत किल्ला करायचाय, फ्लेमिंगोवर भागणार नाही :)

बाकी सगळ्यांचे आभार, जायचं आता कळलं, पहाटे पाच. @माणगावचा_पाहुणचार लाईन सोडणार नाही, शब्द. पण येतानाचं सांगा ना कुणीतरी, रविवारी तिथून सकाळीच निघायचं म्हणजे एवढं जाऊन मिळालं काय?

मुळशी_मावळा

येतानाचं मी सांगतो, रोजचा रस्ता आहे. दोन अडचणी आहेत, माणगाव आणि भूगाव, आणि एक चुकवायला गेलं की दुसरी बोकांडी बसते. माणगावात रविवारी दुपारी तीनपासून मुंबईकडे जाणारी लाईन लागते ती रात्री नऊ-दहापर्यंत. भूगावात सहाच्या पुढे. त्यामुळे चारला दिवेआगर सोडलं की दोन्हीकडे ऐन गर्दीत सापडता, तुमच्या ऑफिसवाल्याचं तेच झालं असणार. माझं म्हणाल तर सकाळी समुद्र, आंघोळ, खानावळीत अकरालाच पान वाढा म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवायचं, मोदक बांधून घ्यायचे आणि बाराच्या आत गाडी हलवायची. दीड-दोनला माणगाव पार, साडेचार-पाचला घर.

भूगावचं लोक म्हणतात रस्ता अरुंद आहे, आहेच, पण डिसेंबरात खरं कारण लग्नं. भूगाव-भुकूम पट्ट्यात दोन्ही बाजूंना कार्यालयं आणि लॉन्स, गोरज मुहूर्त असला की रस्त्यावर पार्किंग, बँड, वरात सगळं एकदम. तेव्हा कालनिर्णयात संकष्टीबरोबर लग्नतिथीही बघा. उशीर झालाच तर पिरंगुटच्या अलीकडे घोटवडे फाट्याला वळून माण-हिंजवडी करत बेंगळुरू हायवेला लागा, नाहीतर पिरंगुटहून लवळे करत सूसला उतरा. कोथरूडला लांब पडतं पण गाडी चालती राहते. चांदणी चौकात २०२३ पासून नवे पूल झाल्यामुळे तिथे आता पूर्वीसारखं होत नाही, सगळा राग भूगावावर निघतो.

कंटाळलेली_ताई

अकराला जेवायचं आणि बाराला निघायचं, ह्याला ट्रिप म्हणतात का सासरी हजेरी? आम्ही उलट करतो. संध्याकाळ पूर्ण बीचवर घालवायची, सातला लवकर जेवायचं आणि आठला निघायचं. माणगावला पोचेपर्यंत साडेनऊ, गर्दी ओसरत आलेली असते. ताम्हिणी रात्री सामसूम असते हे मात्र खरं, नेटवर्क नाही, मधे बंद पडलात तर विचारायला कुणी नाही. लहान मूल आणि आई असताना मीसुद्धा दहा वेळा विचार करेन. दोन गाड्या असतील तर करा, एकटी गाडी असेल तर मावळ्याचं ऐका.

आगरी_बोट

माणगाव पूर्ण चुकवायचा रस्ता कुणीच सांगितला नाही. दिवेआगरहून बोर्ली पंचतन करत दिघीला या, तिथून आगरदांड्याला गाडी घेऊन जाणारी जंगलजेट्टी आहे. बोटीतून लांबून जंजिरा दिसतो, पोरगं खूश. पलीकडे उतरून भालगाव करत रोहा, मग कोलाड. कोलाडला हायवेला थोडंच लागायचं आणि सुतारवाडीच्या रस्त्याने विळे, पुढे तुमची ताम्हिणी. वेळ जास्त जातो, मी खोटं सांगणार नाही, पण उभं राहण्यात जात नाही. आणि हायवेला मुंबईच्या लोंढ्यात फार राहावं लागत नाही.

निवांत_कोथरूड

@आगरी_बोट हे भारी आहे, आईलाही बोट चालेल, तिला फक्त वळणं चालत नाहीत. रविवारी जेट्टीला लाईन किती असते? आणि आधी बुकिंग लागतं का?

आगरी_बोट

दुपारनंतर गेलात तर एखाद-दुसरी फेरी सोडावी लागते, मुरूड-काशीद फिरून आलेले आणि आमच्याकडचे सगळे तेव्हाच येतात. सकाळी दहा-अकराला लगेच मिळते. जायच्या आदल्या दिवशी तुमच्या घरगुती मुक्कामवाल्यांनाच फेऱ्यांची वेळ विचारा, त्यांच्याकडे जेट्टीवाल्यांचा नंबर असतोच, भरती-ओहोटीनुसार आणि पब्लिकनुसार पुढेमागे होतं. सुटे पैसे ठेवा. बोटीवर गाडी लावली की हँडब्रेक ओढून गिअरमध्ये टाका आणि आईंना खाली उतरवून कठड्याशी वाऱ्यावर उभं करा, बंद गाडीत बसवून ठेवलंत तर तिथेही लागेल.

माणगावचा_पाहुणचार

जेट्टी बेस्ट. तेवढीच आमच्याकडे एक गाडी कमी.