प्रकाश एकसारखा असला तरी चालतं

प्रकाशाच्या जोरावर शेपटी हलवत पाण्यात पोहणाऱ्या मऊ रोबोंबद्दल एक आक्षेप ऐकला: शेपटीच्या प्रत्येक फटकाऱ्यासाठी दिवा चालू-बंद करावा लागणार, म्हणजे हे रोबो प्रयोगशाळेबाहेर निरुपयोगी. हा मुद्दा पटला नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेतल्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलेली जेलची (पाणी शोषून फुगणाऱ्या मऊ पदार्थाची) शेपटी स्थिर प्रकाशातही हलत राहते. युक्ती झकास आहे. प्रकाश पडलेली बाजू तापते, आतलं पाणी सोडून आकसते आणि शेपटी उजेडाकडे वाकते. वाकली की तिच्याच टोकाची सावली त्या तापलेल्या जागेवर पडते. जागा गार होते, पाणी परत शोषते, शेपटी मागे जाते, पुन्हा ऊन लागतं. नियंत्रणाचं सर्किट नाही, काही नाही!

आजूबाजूचं पाणी इथे कामाचंही आहे आणि अडचणीचंही. जेल पटकन गार होतं ते त्याच्यामुळेच, पण बरीचशी उष्णताही तेच पळवतं, त्यामुळे कार्यक्षमतेच्या नावाने बोंबच. शिवाय असे पदार्थ तापवायला अनेकदा वापरतात तो अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश पाण्यात फार खोल जातच नाही. निळा-हिरवा बराच खोल पोचतो. त्यामुळे खोल समुद्राच्या गप्पा मारण्याआधी त्या रंगांवर जोमाने चालणारा पदार्थ लागेल.