पीएचपीची (साईट चालवणारी प्रोग्रामिंग भाषा) सेटिंग बदलली, पण सर्व्हर ऐकेना: तुमचे अनुभव लिहा

गंगापूररोडकर: काल अंबडला एक नवीन पोरगा रडकुंडीला आलेला. पीएचपीच्या सेटिंगच्या आयएनआय फाईलमध्ये अपलोडची मर्यादा १६ एमबी लिहिलीय, तरी अपलोड २ वरच अडकतंय. २०१५चा सिंहस्थ आठवला! यात्रेकरूंच्या मुक्कामाची नोंदणी आमच्याकडे होती, ओळखपत्रांचे फोटो चढेनात. अपाचेत (वेब सर्व्हर) पीएचपी मॉड्यूल म्हणून, म्हणजे त्याचाच भाग करून, बसवलं असेल, तर ती फाईल सर्व्हर सुरू होतानाच वाचली जाते. रामकुंडावर ही गर्दी, आणि चालू साईट रीस्टार्ट करायला कोणी हो म्हणेना. पहाटे परवानगी मिळाली, लगेच फोटो चढले. तुमचंही सांगा.

सिडको_नाशिक: अरेरे, रात्रभर जागलात! ग्रेसफुल रीलोड चाललं असतं दादा, चालू विनंत्या तुटत नाहीत.

निफाडची: आधी पीएचपीइन्फोचं (चालू सेटिंग दाखवणारं) पान ब्राउझरमध्येच उघडा. 'लोडेड कॉन्फिगरेशन फाईल' ही ओळ बघा. उबंटूवर टर्मिनलची, अपाचेची, एफपीएमची (पीएचपी वेगळी सेवा म्हणून चालवणारं) फाईल वेगवेगळी असते. बघून झालं की पान उडवा, नाहीतर सर्व्हरची सगळी माहिती जगाला उघडी. बाकी नंतर लिहिते, पाणी आलंय.

सातपूर_एमआयडीसी: एचटीअ‍ॅक्सेसमध्ये (अपाचेच्या फोल्डरपुरत्या सेटिंग फाईलमध्ये) पीएचपी_व्हॅल्यू लिहून एफपीएमवर टाकलं की थेट ५०० एरर. ती ओळ फक्त मॉड्यूलला कळते. एफपीएमला डॉट युझर डॉट आयएनआय ही फाईल लागते. तीही लगेच लागू होत नाही, मुळातला कॅशे ३०० सेकंदांचा. द्राक्षाच्या सीझनला निर्यातदार फोनवर ओरडतोय आणि आपण घड्याळ बघतोय!

देवळालीकर: अंबडला कुठे? भाचीला इंटर्नशिप हवीये, पीएचपी येतं तिला.

गंगापूररोडकर: ताई, व्यनि करा.

भगूर: पुढे एनजिनएक्स (दुसरा वेब सर्व्हर) असेल तर त्याची स्वतःची मर्यादा मुळात १ एमबी. ४१३ एरर दिसला तर फाईल पीएचपीपर्यंत पोचलेलीच नाही. पोस्टची (फॉर्ममधून येणाऱ्या एकूण डेटाची) मर्यादाही वाढवा, ती मुळात ८ एमबी आहे, १६ची फाईल कशी जाणार?

निफाडची: आले. आमच्याकडे कांदा लिलावाची वेळ साईटवर बरोबर, ९. एसएमएसमध्ये मात्र पहाटे ३.३०! एसएमएस क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारा) जायचे आणि क्रॉन टर्मिनलवालं पीएचपी चालवतो. टाइमझोन फक्त एफपीएमच्या फाईलमध्ये होता, टर्मिनलकडे यूटीसी (आपल्यापेक्षा साडेपाच तास मागची जागतिक वेळ). शेतकऱ्यांचे किती फोन आले म्हणून सांगू.

देवळालीकर: आमच्या सोसायटीचे पाणीपट्टीचे मेसेजही असेच साडेपाच तास मागचे येतात! सेक्रेटरींना हेच पाठवते.