‘बाईपण भारी’ मधलं ‘भारी’: जड की झकास?

बाराखडी

महिला दिनाला आमच्या इमारतीच्या फलकावर ‘बाईपण भारी’ असं झळकलं होतं, खाली झिम्मा-फुगडीचं आमंत्रण. शेजारच्या काकूंनी वाचलं आणि म्हणाल्या, “भारी तर आहेच, उचलून बघा म्हणावं.”

तेव्हापासून डोक्यात घोळतंय. केदार शिंदे यांच्या 2023 च्या ‘बाईपण भारी देवा’ या चित्रपटाच्या नावातलं ‘भारी’ नेमकं कोणतं? आणि पुरवणीसाठी एक लेख लिहिते आहे, त्याच्या मथळ्यात ‘स्त्रीत्वाचा उत्सव’ घालावं की ‘बाईपणाचा’?

मुद्रितशोधक

दोन्ही अर्थ धरा, तिथंच तर गंमत आहे. ‘भारी’ मुळात भारातून आलेला, म्हणजे वजनदार. मग महाग: ‘भारीतली साडी दाखवा’. मग वरचढ: ‘ती सगळ्यांना भारी पडली’. मग ‘खूप’: ‘भारी हुशार पोर’. आणि शेवटी कौतुकाचा, कोल्हापूरकडचा ‘लई भारी’, जो आता सगळ्या महाराष्ट्राचा झालाय.

चित्रपटात सहा बहिणी, प्रत्येकीच्या मागे काही ना काही लचांड, आणि मंगळागौरीच्या खेळांची स्पर्धा. पहिल्या अर्ध्यात ‘भारी’ जड वाटतं, शेवटी झकास वाटतं.

पण खरी करामत ‘देवा’त आहे. ‘लहानपण देगा देवा’ आठवा. तसंच ‘-पण’, तसंच ‘देवा’, आणि ठेकाही जवळजवळ तोच. तुकोबा लहानपण मागतात, कारण ‘ज्याचे अंगी मोठेपण, तया यातना कठीण’. इथं मागणं नाही. मिळालंय ते कसं आहे एवढंच देवाला कळवलंय. तक्रार म्हणून कळवलंय की मिरवत, ते म्हणणारीच्या सुरावर.

माजघर

मुद्रितशोधकांशी सहमत. ‘-पण’ आणि ‘-त्व’ यांबद्दल मात्र थोडं सांगते. ‘-त्व’ संस्कृत शब्दांना लागतो: स्त्रीत्व, मातृत्व, नेतृत्व. ‘-पण’ आपल्या घरातल्या शब्दांनाही चालतो: आईपण, पोरपण, एकटेपण, माणूसपण. ‘मातृत्व’ भाषणात असतं, ‘आईपण’ रात्री दोनला बाळ रडतं तेव्हा असतं. ‘स्त्रीत्वाचा उत्सव’ म्हटलं की मला समईचं चित्र असलेली निमंत्रणपत्रिका दिसते. ‘बाईपणा’त पाळी, नोकरी, सासर, गुडघेदुखी आणि फुगडी सगळं मावतं.

हा शब्द चित्रपटानं घडवलेला नाही, हेही नोंदवते. बायकांच्या लिखाणात तो आधीपासून आहे, पण बहुतेक ‘बाईपणाचे भोग’ अशाच सोबतीनं. चित्रपटानं सोबत बदलली.

सरळवाट

माझा आक्षेप ‘बाई’लाच आहे. ‘कामाला बाई येते’, ‘असली बाई’ अशा वापरामुळं शब्दाला उतरती कळा लागलीये. पुरवणीत ‘महिला’ असावं. सभ्य वाटतं.

मालवणी मुलूख

सरळवाट, आमच्याकडे लाडक्या लेकीला ‘गो बाय’ म्हणतात, गोव्यातही. उतरती कळा कुठली!

माजघर

सरळवाट, तुम्ही म्हणता तसा वापर आहे, नाकारत नाही. पण त्याच शब्दाचा मान बघा: सावित्रीबाई, रमाबाई, लक्ष्मीबाई. शाळेतल्या बाई. काही घरांत तर आईलाच बाई म्हणतात. एकच शब्द पोचारा घेऊन येतो आणि खडू घेऊनही. खालचा वाटतो तो कामाला आपण खालचं मानतो म्हणून.

‘महिला’ सभ्य आहे खरा, पण तो सरकारी फलकावरचा: महिला आयोग, महिला बचत गट. लोकलच्या डब्यावर ‘महिला’ लिहिलेलं असतं, आणि चढणारी म्हणते ‘लेडीजमध्ये ये’. एसटी स्टँडवर पाटी ‘स्त्रिया’. कुणीतरी आपल्याबद्दल बोलतं तेव्हा आपण महिला असतो. आपसात बोलतो तेव्हा “अगं बाई!”

आता तुमच्या लेखाच्या कामाचं. बायकांसाठीच्या नियतकालिकांची नावं ओळीनं लावा, केवढं दिसतं. जुन्या नावांत ‘भगिनी’, ‘गृहिणी’, ‘गृहलक्ष्मी’, म्हणजे कुणाची तरी बहीण, कुणाच्या तरी घरची. 1930 मध्ये किर्लोस्करवाडीहून शंकरराव किर्लोस्करांनी मासिक काढलं त्याचं नाव नुसतं ‘स्त्री’. नातं नाही, विशेषण नाही. त्या काळात हे एका अक्षराचं नाव धीटच म्हणायचं. साठच्या दशकात ‘माहेर’ आलं, म्हणजे पुन्हा नातं, पण हवंहवंसं. सत्तरच्या दशकात चळवळीतल्या बायकांनी पुण्यात अंक काढला ‘बायजा’, गावाकडच्या बाईचं नाव. आणि 1989 मध्ये, आधी ‘स्त्री’च्या संपादक राहिलेल्या विद्या बाळ यांनी ‘मिळून साऱ्याजणी’ सुरू केलं. नाम गेलं, सर्वनामासारखं अनेकवचन आलं, त्यात ‘मिळून’. वाचणारी आपोआप आत. ‘सखी’, ‘मैत्रीण’ ही पुरवण्यांची नावं मला त्यापुढं जरा गोडमिट्ट वाटतात, पण ती माझी आवड झाली.

मुद्रितशोधक

या भरात एका शब्दावर काट मारून घ्या: ‘सबलीकरण’. रस्त्याचं डांबरीकरण, नदीचं शुद्धीकरण, महिलांचं सबलीकरण! हा ‘-ईकरण’ संस्कृतातल्या च्वि प्रत्ययाचा. त्याचा अर्थच ‘जे नव्हतं ते करणं’. म्हणजे आधी ती अबला होती हे गृहीत, आणि करणारा कुणी दुसराच. ‘सक्षमीकरण’ही त्याच कुळातलं. मराठीत ‘पायावर उभी राहिली’ म्हणतात. त्यात उभी राहणारी तीच असते. शासन निर्णयात सबलीकरण खुशाल राहू दे, मथळ्यात नको.

सरळवाट

हे पटलं. पण मग द्व्यर्थी ‘भारी’ मथळ्यात कसा चालेल? अर्धे वाचक जड म्हणतील.

कंदीलवाली

चालतो की. ‘मुलगी झाली हो’ बघा. ज्योती म्हापसेकरांचं नाटक, स्त्री मुक्ती संघटनेनं 1983 पासून गावोगाव केलेलं. त्या ‘हो’चं काय? पेढे वाटत म्हणा, आनंद. कपाळावर हात मारून म्हणा, रडगाणं. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्या सुरात म्हटलं गेलेलं वाक्य तसंच्या तसं उचललं आणि चौकात मोठ्यानं म्हणून दाखवलं. शब्द एकही बदलला नाही.

काही शब्दांना मात्र सूर बदलून भागत नाही. ‘नकुशी’, म्हणजे नको असलेली. 2011 मध्ये साताऱ्यात जिल्हा परिषदेनं अशा नावाच्या 285 मुलींचं जाहीर बारसं केलं. कित्येकींनी आपलं नवं नाव स्वतः निवडलं. वर्तमानपत्रांनी ती बातमी उचलून धरली आणि ‘नकुशी’ हे नाव असू शकतं हे कित्येक शहरी वाचकांना तेव्हा कळलं. तिथं ‘नकुशी भारी’ म्हणून काय उपयोग होता? नावच टाकावं लागलं.

बाराखडी

सगळ्यांचे आभार. माजघर, नियतकालिकांच्या नावांची ओळ लेखात घेते. मथळा ठरला: ‘बाई पण भारी: मासिकांच्या नावांतून’. काकूंना दाखवला, त्यांना आवडला.

मुद्रितशोधक

थांबा, छापायला देऊ नका! ‘बाईपण’ सलग लिहा. ‘-पण’ प्रत्यय आहे, शब्दाला चिकटूनच यायला हवा. तोडून ‘बाई पण भारी’ लिहिलंत तर अर्थ होतो ‘बाईसुद्धा भारी’, म्हणजे बुवा आधीच भारी आहे आणि ही मागून आली.

माजघर

फलकावर कसं लिहिलं होतं हो, बाराखडी?

बाराखडी

तोडून. उद्या खडू घेऊन जाते.